जाऊन येतो

जपानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या होझाकीत टीव्हीवरचं अ‍ॅनिमे कुणी बघत नाही. बघणारी पोरं कधीच शहरात गेली. मागे उरलो आम्ही, गुडघे धरून चालणारे, आणि त्यांचे टीव्ही दुरुस्त करणारी मी. तरी त्या वसंतात बंदरापासून देवळापर्यंत निळे झेंडे लागले. मिठाईवाल्याने दीपगृहाच्या आकाराचे गोड बन काढले. हा सगळा उद्योग ओनोदेरांचा. ते गाद्यांचे दुकानदार आणि आमच्या बाजारपेठेचे अध्यक्ष.

"किनुएसान, अ‍ॅनिमेतली गावं बघायला लोक लांबून येतात," ते मला म्हणाले. "उतरतील, फोटो काढतील, खातीलपितील, काहीबाही विकत घेतील."

"गाद्या घेतील?"

"तुमच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही," असं म्हणत त्यांनी माझ्याही दाराला झेंडा लावला.

अ‍ॅनिमे निघत होतं ते आमच्या शिगेकीच्या खेळावर. शिगेकी आणि मी शाळेत एका वर्गात. तो टोकियोला गेला, खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि तिशीच्या आत त्याने 'विझलेली दीपगृहं' हा व्हिडिओ गेम केला. एक मुलगा हातात दिवा घेऊन निघतो आणि किनाऱ्यावरची बंद पडलेली दीपगृहं एकेक करून पेटवतो, एवढीच गोष्ट. पण देशभरातली मुलं त्या खेळावर जीव टाकायची. खेळातलं पहिलं गाव म्हणजे आमचंच बंदर, त्यातले स्क्विड, म्हणजे माकुल मासे, वाळत घालायचे बांबूही आमचेच. चार वर्षांपूर्वी शिगेकी ऑफिसातच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता, त्यातच तो वारला. त्याची आई हिसानोकाकू बंदराच्या टोकाच्या घरात एकट्या राहतात, ऐंशीला टेकल्या आहेत, आणि अजून स्वतः स्क्विड चिरून वाळवतात.

खरं सांगायचं तर मला झेंड्यांचं काही नव्हतं. माझा जीव अडकला होता तो काकूंपायी.

घरातून बाहेर पडणारा 'जाऊन येतो' म्हणतो आणि घरी राहणारा 'जाऊन ये' म्हणतो. आमच्याकडे लहान पोरही बूट घालताना हे म्हणतं, कुणाला शिकवावं लागत नाही. शिगेकी अठराव्या वर्षी हे न म्हणता गेला. बापाला तो होडीवर हवा होता, त्याला टोकियो हवं होतं. आठवडाभर घरात आदळआपट झाली आणि एका सकाळी तो मागच्या दाराने निघून गेला. काकू पुढे अंगणात स्क्विड पलटत होत्या. पुढे बाप वारला, राग निवळला, शिगेकी दर नववर्षाला यायला लागला. पण यायचा तो पाहुण्यासारखा. निघताना "बरं मग, निघतो" म्हणायचा. 'जाऊन येतो' घरचा माणूस म्हणतो. ते त्याच्या तोंडून पुन्हा काही आलं नाही. दोघांनी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नसणार, अशी ती दोघंही.

आणि त्याच शिगेकीने खेळात एक दार करून ठेवलं. खेळ सुरू होतो तेव्हा मुलगा घरात असतो, आई चुलीपाशी उभी असते. दारावर कितीही आपटा, ते उघडत नाही. आधी आईपाशी जाऊन बटण दाबायचं. मग अक्षरं उमटतात, 'जाऊन येतो.' आई म्हणते, 'जाऊन ये.' त्यानंतर दार उघडतं. दर वेळी, अगदी खेळ संपेपर्यंत, घरी आलात की जाताना हे करावंच लागतं. खेळ नवा असताना पोरं माझ्या दुकानात तक्रार घेऊन यायची, "दार उघडत नाही, कार्ट्रिज खराब आहे, बदलून द्या." मी विचारायचे, "आईला सांगितलंस का?" पोरं तोंड पाडून परत जायची.

काकूंना हे दार मीच सांगितलं होतं. तेव्हा त्या स्क्विडच्या पाठीत सुरी घालत म्हणाल्या होत्या, "खेळात कशाला म्हणायचं? तोंड आहे ना त्याला." तो गेल्यावर मी दोनदा म्हणाले, काकू, मी मशीन आणते, खेळून दाखवते. त्यांनी मान हलवली. "बटण तू दाबणार. म्हणजे तू म्हटल्यासारखंच झालं. मला त्याच्याकडून ऐकायचंय, किनुए. तुझ्याकडून ऐकून काय करू?"

म्हणून अ‍ॅनिमेची बातमी आली तेव्हा त्या दुकानात आल्या, काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "यात बटण नसतं ना?"

"नाही."

"मग मुलगा आपणहून बोलतो?"

"बोलतो. आवाज असतो त्याला. आवाज देणारी माणसं असतात."

"असं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ माझ्या दुकानातले पंखे बघत राहिल्या. पंखा घ्यायचा नव्हता त्यांना.

पहिला भाग आडवेळी लागणार होता, म्हणून मी तो रेकॉर्ड केला आणि रविवारी सकाळी सामुदायिक सभागृहात मोठ्या पडद्यावर लावायचं ठरलं. सगळं गाव आलं. काकू काळ्या किमोनोत आल्या, जो त्या एरवी श्राद्धालाच काढतात. ओनोदेरांनी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं आणि दोन मिनिटं म्हणत लांबलचक भाषण ठोकलं.

सुरुवातीला आमचं बंदर दिसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. समुद्र सुरेख काढला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलगाही देखणा होता. खेळात त्याला नाव नाही, ते आपण द्यायचं असतं. इथे कुणीतरी त्याला झोकदार नाव दिलं होतं. मुलगा घरी आला. चुलीपाशी आई होती. माझ्या शेजारी काकूंनी मांडीवरचे हात घट्ट जुळवले.

मग आकाश लाल झालं. काळ्या होड्यांतून कुणी दुष्ट आले, त्यांनी गाव पेटवलं, आणि आई मुलाला चुलीखाली लपवून स्वतः मेली. सगळं चटाचट, निम्मा भाग व्हायच्या आत. मुलगा जळक्या घराबाहेर उभा राहिला, मुठी आवळून ओरडला, "एकालाही सोडणार नाही!" आणि गाणं सुरू झालं. दार जळून गेलं होतं. आणि जाऊन येतो म्हणायचं तरी कुणाला?

सभागृहात कुणी हललं नाही. सगळ्यांची नजर काकूंच्या मानेवर. ओनोदेरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकू उठल्या, सगळ्यांकडे वळून वाकल्या. "सगळ्यांनी फार तसदी घेतलीत. चित्रं सुंदर होती." मग आणलेली वाळवलेल्या स्क्विडची पाकिटं त्यांनी जाताना प्रत्येकाच्या हातात दिली. ओनोदेरांना दोन दिली.

मी त्यांना घरी सोडायला गेले. बंदराच्या भिंतीपाशी त्या थांबल्या.

"मला मारलं की गं त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

"मी फोन करते त्या कंपनीला. चांगली झापते. खेळात आई शेवटपर्यंत जिवंत असते. सगळी दीपगृहं पेटली की मुलगा घरी येतो, तिच्या हातचा भात खातो आणि खेळ संपतो. कुणी सांगितलं होतं यांना मारायला?"

"नको. त्यांनाही थोडक्यात आटपायचं असेल."

त्या अ‍ॅनिमेच्या दिग्दर्शकाची मुलाखत मी नंतर वाचली. तरुण माणूस आहे, खेळावर लहानपणापासून प्रेम आहे म्हणतो, आणि ते खोटं नसेलही. म्हणतो की नायकाला घर सोडायला सबळ कारण लागतं. कारण! अठरा वर्षांच्या पोराला घर सोडायला कसलं आलंय कारण? ते सुटतं. सोडल्यावर जन्मभर परत यायची वाट शोधावी लागते, आणि शिगेकीने खेळ केला तो त्या वाटेचा. एवढं प्रेम करून याला एवढंसं कळू नये? मी ते मासिक रद्दीत टाकलं, मग परत काढून त्यावर मासे साफ केले.

पुढचे भाग गावात कुणी बघितले नाहीत. झेंडे मात्र राहिले, कारण ते उतरवायला ओनोदेरांना शरम वाटत होती.

झेंडे उन्हाने फिकट व्हायला लागले तेव्हा एके दिवशी दुपारी काकू दुकानात आल्या. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं, तर खेळाचा डबा. शिगेकीने पाठवलेला, इतकी वर्षं जपलेला, तो गेल्यापासून देव्हाऱ्यात त्याच्या फोटोशेजारी ठेवलेला, कधी न उघडलेला.

"मशीन आहे ना तुझ्याकडे? बटण मी दाबीन."

"काकू, तुम्ही म्हणाला होतात की..."

"म्हणाले होते. त्या पडद्यावरच्या पोराने आपणहून काय काय म्हटलं, ऐकलंस ना? आपणहून म्हणणारं कुणी उरलं नाही आता. शिगेकीच्या हातचं आहे ते एवढंच आहे. दाखव."

मी जुना टीव्ही आणि मशीन गाडीत घातलं आणि त्यांच्या घरी, देव्हाऱ्याच्या खोलीत जोडलं. खेळ सुरू झाला. नाव विचारणारी चार रिकामी घरं आली. काकूंनी चष्मा पुसला, आणि एकेक अक्षर शोधत, दोनदा चुकत, 'शिगेकी' लिहिलं. स्क्विड चिरून चिरून वाकडी झालेली त्यांची बोटं त्या चिमुकल्या बटणांवरून घसरत होती. मी हात पुढे केला, तर मनगटावर चापट बसली.

घर दिसलं. जुन्या खेळातलं घर ते, चौकोनी ठिपक्यांचं. चूल, आई, दार, आणि खेळातल्या पोराचा एवढासा जीव. काकू पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या.

"हे आमचं घर आहे."

"हो ना. आईपाशी न्या त्याला. मग हे बटण."

पण त्यांनी पोराला आईकडे नेलं नाही. चुलीला वळसा घालून त्या त्याला उलट्या बाजूला न्यायला लागल्या, भिंतीला अडत, पुन्हा सरकत.

"काकू, तिथे काही नाही. ते कपाट आहे."

"कपाट कुठलं? माझ्या घरात त्या भिंतीला कपाट नाही." त्यांनी मान न वळवता अंगठ्याने पाठीमागे दाखवलं. मी वळून बघितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या मागे, त्याच कोपऱ्यात मागचं दार होतं. शिगेकी निघून गेला ते.

मी हा खेळ कितीदा खेळले असेन. ते तपकिरी ठिपके मला जन्मभर कपाट वाटले. तिथे जायचं कुणाला काय कारण? खेळवेड्या पोरांना कदाचित माहीतही असेल, मला नव्हतं. काकूंनी पोराला त्या ठिपक्यांपाशी उभं केलं आणि बटण दाबलं.

पडद्याखाली अक्षरं उमटली.

'इथून नाही जायचं. आईला सांगून जायचं.'

काकूंनी ते मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग बटण पुन्हा दाबलं, आणि तेच पुन्हा आलं. त्या किती वेळा दाबत राहिल्या ते मी मोजलं नाही. मला पडदा नीट दिसत नव्हता. मी रडत होते आणि लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"बघ," त्या शेवटी म्हणाल्या, "बटण माझं. पण हे काही मी म्हटलेलं नाही. मला हे सुचलंच नसतं."

मग त्यांनी पोराला चुलीपाशी आणलं. सावकाश, कुठेही अडू न देता. आईसमोर उभं केलं. बटण दाबलं.

'जाऊन येतो.'

पुढचं बटण त्यांनी दाबलं नाही. खेळातली आई काय म्हणते ते येऊच दिलं नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवून त्या ताठ बसल्या, आणि रोज सकाळी कुणीही आई दारात म्हणते तसं, साध्या आवाजात म्हणाल्या, "जाऊन ये."

मग पुढचं बटण दाबलं. दार उघडलं. पोरगा अंगणात, बांबूंच्या मधून, रस्त्यावर येऊन उभा राहिला.

मी डोळे पुसले. "काकू, आता त्याला परत घरात कसं आणायचं ते दाखवते. मागे वळवलं की..."

"नको." त्यांनी कंट्रोलर हळूच माझ्या हातात दिला. "आज राहू दे बाहेर. सांगून गेलाय."

आणि त्या भात टाकायला उठल्या.