भागीबाई रडली नाही

तृप्तीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र फेब्रुवारीत आलं होतं आणि आता आंबे संपत आले होते. मी फोन सहसा उचलत नाही हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिने पत्रच धाडलं. ती आता नाशिकच्या कोर्टात वकिली करते. अक्षर वर्गात होतं तसंच, घाईचं आणि उजवीकडे चढत जाणारं.

भागीबाई तिची अशील. पेठकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी पाड्यावरची. भाताची कामं आटोपली की त्या पाड्यावरची माणसं द्राक्षमळ्यांवर मजुरीला उतरतात, तशीच ती आली होती. नवरा दिवाळीआधीच तिला सोडून दुसरीकडे गेलेला. आठव्या महिन्यात, मळ्यावरच्या झोपडीत ती एकटीच बाळंत झाली. मूल मेलेलंच जन्मलं असं ती सांगते. तिने ते झोपडीमागे पुरलं. काही दिवसांनी कुत्र्यांनी माती उकरली, मालकाने पोलिसांना कळवलं. मूल जन्मताना जिवंत होतं की नाही हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. तरी खुनाचं कलम लागलं.

तृप्तीने पुढे लिहिलं होतं : ‘सर, दोषारोपपत्राला एक समुपदेशन अहवाल जोडलाय. सगळी केस त्यावर उभी आहे. गुन्हेशास्त्राचा माणूस म्हणून तुमचं लेखी मत हवं.’

अहवालाचा उतारा सोबत होता. ‘चौकशीदरम्यान आरोपी महिलेच्या डोळ्यांत एकदाही पाणी आले नाही. प्रसूतीच्या दुसऱ्याच दिवशी ती कामावर हजर होती. मृतदेहाची तिने गुपचूप विल्हेवाट लावली. सदर समाजात अपत्याची ओढ कमी असून महिलेची मनोवृत्ती निर्विकार आढळते.’

मी तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागद फाडले. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी गुन्हेशास्त्र शिकवलं, पण गुन्हेगार मला भेटले ते पुस्तकांतच. तुरुंग एकदाच पाहिला, मुलांच्या सहलीबरोबर, आणि तिथे माझं डोकं दुखायला लागलं. माझं मत म्हणजे दुसऱ्यांच्या मतांची उसनवारी. सरकारी वकिलाने दोन प्रश्न विचारले की संपलं. माझ्यामुळे त्या बाईचं नुकसानच व्हायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते सोयीचंही होतं.

कवट्या मोजून गुन्हेगार ओळखू पाहणारे जुने विद्वान मी दरवर्षी शिकवायचो. बाई म्हणजे मुळात आई. जिच्यात आईपण दिसत नाही ती जन्मजात गुन्हेगार, असं ते म्हणत. आपल्याकडे इंग्रजांनी तर अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार म्हणून कायद्यात नोंदवल्या. हे सगळं मी ‘इतिहास’ म्हणून सांगायचो, आणि परीक्षेत त्यावर टीप यायची. एकदा तृप्तीने विचारलं होतं, “सर, यातली ‘बाई’ म्हणजे कोणती बाई? घरातली की मजुरीवरची?” पुढच्या तासाला पाहू, म्हणालो. पुढच्या तासाला दुसरा धडा होता.

“उत्तर देत नाही, तर निदान जाऊन तोंड तरी दाखवा,” संध्या म्हणाली. संध्या माझी बायको. शाळेत गणित शिकवायची, अजूनही बोलण्यात बाकी काही ठेवत नाही. “सोमवारी जामिनाची तारीख आहे म्हणे. तृप्तीनं मला फोन केला होता.”

“तुला?”

“मी उचलते ना.”

सोमवारी कोर्टात गेलो. बाहेरच्या बाकावर तृप्ती एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसली होती. मला पाहून उठली, पत्राचं नावही काढलं नाही. “सर, या ठमाबाई. भागीबाईची आई.”

ठमाबाईने मला वरून खाली पाहिलं. “हे मोठे वकील का?”

“नाय गं, हे मास्तर,” तृप्ती म्हणाली.

“मग काय उपेग?” ठमाबाई म्हणाली, आणि सरकून मला बसायला जागा दिली.

मी बसलो. मग विचारलं, “भागीबाई रडली का नाही?” प्रश्न तोंडातून पडल्यावर मला लाज वाटली.

“गेलेल्या पोरानं आईचं रडं ऐकलं तर त्याचा पाय निघत नाय,” ती म्हणाली. “आमच्या पाड्याला तसंच. बाकीच्या बाया रडत्यात तिच्या वाटचं. तिथं मळ्यात कोण होतं रडाया?”

“आणि मागं पुरलं ते...”

“नाळ पुरली तिथंच ठेवायचं. एकटं नाय पडत मग. पोलिसाला सांगितलं तिनं. तो म्हनला, भाषण नको.” तिने पदराने तोंड पुसलं. “तिला वाटलं, केलं ते बराबर केलं. म्हणून कुणाला सांगाया गेली नाय. बराबर केलेलं कुणी सांगत फिरतं का?”

आत पुकारा झाला. भागीबाईला दोन शिपाई बायांनी आणलं. तिशीही नसेल. तिने आईकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे, आणि मग शेवटपर्यंत भिंतीकडेच. सरकारी वकील तरुण होता, आवाज चांगला होता. त्याने अहवालातलं तेच वाक्य वाचलं आणि हाताने तिच्याकडे दाखवलं. “साहेब, आत्ताही पाहा. चेहऱ्यावर काही आहे?”

सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं, आणि क्षणभर मला तो अहवाल पटला. तीस वर्षं शिकवून झाल्यावर, मला.

न्यायाधीशांनी तृप्तीला विचारलं, “या अहवालावर बचाव पक्षाकडे तज्ज्ञाचं काही मत आहे?”

तृप्तीने मागे वळून पाहिलं नाही. “मिळवतेय, साहेब.”

“पुढच्या सोमवारपर्यंत दाखल करा. नाहीतर आहे त्यावर निकाल देईन.”

भागीबाईला नेताना ठमाबाई उभी राहिली. आईने आपल्या कपाळाला हात लावला, मुलीनेही लावला.

घरी आलो तेव्हा संध्या गवार निवडत होती. मी सगळं सांगितलं. अहवालाचा उतारा तिने चष्मा लावून वाचला, परत दिला आणि पुन्हा गवार मोडायला लागली.

“आपलं बाळ गेलं तेव्हा मी कितव्या दिवशी शाळेत गेले?” तिने विचारलं.

आमच्या घरात या विषयावर चाळीसेक वर्षांत बोलणं झालेलं नव्हतं. आमचा मुलगाही मेलेलाच जन्मला होता. नंतर मूल झालं नाही.

“आठवड्याच्या आतच,” मी म्हणालो. “सहामाहीचे पेपर होते.”

“आणि रडले होते?”

“नाही.”

“मग हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी मुलींना काय सांगितलं? बाईंसारखी कर्तव्यनिष्ठा अंगी बाणवा. तुमची आत्या सगळ्यांना सांगत सुटली, पोर धीराची आहे हो. मला कुणी निर्विकार म्हटलं?”

“नाही.”

“दवाखान्यातून ते नेलं कुणी? तुम्ही आणि तुमच्या भावानं, टॉवेलात गुंडाळून. कुणी विचारलं तुम्हाला कागद? पोलीस आला?”

तिने मोडलेली गवार बाजूला सारली.

“कुठं ठेवलंत, ते मला अजून माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. भागीबाईला निदान माहीत होतं.”

“नदीच्या अंगाला,” मी म्हणालो. “स्मशानाच्या मागे, एक करंजाचं झाड होतं. आता तिथे रस्ता झालाय.”

ती म्हणाली, “रस्ता झालाय.” आणि उठून गवार धुवायला गेली.

नळ वाहत असताना आतूनच म्हणाली, “लिहा ते. माझं नाव घालून लिहा.”

“ते सगळ्यांसमोर वाचलं जाईल. सरकारी वकील तुलाही बोलावेल.”

“बोलवू दे की. मी काही तुमच्यासारखी लाजाळू नाही.”

या वेळी कागद फाडला नाही. विद्वानांची नावं गाळली. लिहिलं की, न रडणं हा पुरावा नाही. तेच न रडणं गंगापूर रोडवर धीर ठरतं आणि पाड्यावरच्या बाईच्या बाबतीत गुन्ह्याची खूण ठरतं, तेव्हा अहवाल लिहिणाऱ्याने ती बाई पाहिलेलीच नसते, तिची जात आणि तिची मजुरी पाहिलेली असते. पाड्यावरची रीत ठमाबाईने सांगितली तशी लिहिली, आणि ती मी स्वतः पाहिलेली नाही, पाड्यावरच्या इतर बायांच्या साक्षी घ्याव्यात, हेही लिहिलं. त्याखाली संध्याचं लिहिलं : शाळा, पेपर, टॉवेल, करंज. शेवटी मूल जिवंत जन्मलं की नाही हे मला सांगता येत नाही, तसं अहवालालाही सांगता येत नाही, असं लिहून सही केली. संध्याने स्वतंत्र कागदावर चार ओळी लिहिल्या आणि मला वाचायला न देता पाकिटात घातल्या.

मूळ सह्यांचा कागद लागेल असं तृप्तीने तिला फोनवर सांगितलं होतं. मीच नेऊन देतो म्हणालो, तर संध्या म्हणाली, “तुम्ही कोर्टाच्या दारातून परत याल. पोस्टात टाका.”

दोघंही पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीने स्पीड पोस्टसाठी वजन केलं आणि विचारलं, “आत काय आहे, आजोबा?”

“उत्तर,” मी म्हणालो.

तिने पाकीट मागच्या पेटीत टाकलं. ते आत पडेपर्यंत संध्या पाहत होती. मग म्हणाली, “पावती घ्या.”