मूठभर कडुनिंब

जंगलात अपघात झालेल्यांना वाचवण्याचं शिक्षण वैजयंतीला शिष्यवृत्तीवर मिळालं होतं; मधेच परतली तर शिष्यवृत्ती बंद. तेवढ्यात वावरात तिच्या मायला, प्रयागबाईला, साप चावला.

कडुनिंब कडू लागला तर विष नाही, हे मेडशी गावात सारेच मानत. जगदेवनं बायकोला पाला चारला.

"कडू हाय का?"

"लय कडू. दवाखाना नोको. पोरगी शिक्षण सोडून धावत येईन."

सांजेला प्रयागबाई गेली.

पोरगी आली ती रडतच. "बा, पाल्यानं विष कळत नसते. मायले दवाखान्यात काहून नाई नेलं?"

जगदेवला आता आठवलं. तोंडही वाकडं न करता प्रयागबाईनं तो मूठभर पाला त्याच्यासमोर भाजीसारखा चावला होता.