पांढऱ्यावर पांढरं

ओट्याला लावायच्या क्वार्ट्झ दगडाच्या दुकानात माईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वर सूनबाई म्हणाली की ओट्याचा रंग तुम्हीच निवडायचा. मोठ्या मानाने म्हणाली बिचारी. माईंना नेमकं तेच नको होतं.

कारण माईंना नीट दिसत नव्हतं. अगदी अंधार होता असं नाही. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तिथेच धुकं. चार महिन्यांपूर्वी बाजारात जाते असं सांगून त्या एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. आतला पडदा झिजतोय, चष्म्याने भागणार नाही, आहे ते जपा, असं डॉक्टर म्हणाला. माईंनी जपलं ते फक्त गुपित. लेकाला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी त्यांना शेगडीपासून उठवून सोफ्यावर नेऊन बसवलं असतं. सोफ्यावर बसवलेल्या बाईचं पुढे काय होतं ते त्यांनी थोरल्या जावेच्या घरी पाहिलं होतं. माईंना त्या सोफ्याची आंधळेपणापेक्षा जास्त भीती वाटायची.

घरचा जुना ओटा काळा होता. काळ्यावर स्टीलचं भांडं चमकायचं, सांडलेलं मीठ उठून दिसायचं, पांढरी बशी तर लांबून ओळख द्यायची. त्या ओट्यावर माईंनी आणखी चार-पाच वर्षं कुणाला पत्ता न लागू देता सहज काढली असती. पण सिंकखालचा पाइप गळला, कपाटं कुजली, आणि मिस्त्री एकदा घरात शिरला की तो पाइपवर थोडाच थांबतो? कपाटं गेली, फरशा गेल्या, शेवटी ओट्यावर घण पडला. त्या दिवशी माई घरभर नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या.

सूनबाईला पांढरा हवा होता. तोंडाने म्हणत नव्हती, पण पांढऱ्या तुकड्यापाशी आली की तिचा आवाज मऊ व्हायचा. तिचं सगळं लहानपण एका कोंदट, खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात गेलं होतं, हे माईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी खुर्चीत टेकल्या टेकल्या काळा सांगून टाकला.

दुकानदार काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. काळ्यावर पाण्याचा एकेक थेंब आणि बोटाचा एकेक ठसा दिसतो म्हणाला. माई म्हणाल्या, पांढऱ्यावर चहाचे डाग पडतील. तो म्हणाला, हा दगड काही पीत नाही. दगडाची भुकटी आणि राळ दाबून केलेला असतो, मऊ फडकं आणि भांड्यांचा साबण एवढं पुरतं, पॉलिश नको की वरून काही पाजायला नको. चरे पडतील म्हटलं तर म्हणाला, फळीवर चिरा. पिवळा पडेल म्हटलं तेव्हा मात्र तो जरा थांबला. गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवू नका, तेवढं पाळा, म्हणाला. राळ जळली की तो डाग जन्मात जात नाही.

माईंनी हे धरून ठेवलं आणि पुन्हा हुज्जत घालायला सुरुवात केली. घरात इतक्या शांत असणाऱ्या सासूबाई दुकानात अशा का भांडताहेत हे सूनबाईला कळेना. मध्येच दुकानदाराने त्यांच्या हाती नमुन्याचे तुकडे दिले. माईंनी ते चाचपले. सगळे सारखेच गुळगुळीत, सारखेच गार.

"तुम्हाला काळाच आवडतो ना? मग काळाच घेऊ," सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर माई अडून बसल्या असत्या. खरं कारण सांगायची सोय नव्हती आणि खोटी कारणं संपली होती.

"पांढराच घे," त्या म्हणाल्या. "काळ्याचा मलाही कंटाळा आलाय."

ओटा बसला आणि माईंचा जीव टांगणीला लागला. पांढऱ्यावर पांढरी बशी ठेवली की ती गेलीच. पीठ, साखर, दूध, सगळं धुक्यात. ओट्याची कड कुठे संपते तेही कळेना. पहिल्याच आठवड्यात दोन कप खाली गेले. मग माईंनी युक्ती काढली. हातात फडकं घ्यायचं आणि सतत ओटा पुसत राहायचं, म्हणजे काय कुठे आहे ते हाताला कळतं. सकाळी पुसायच्या, दुपारी पुसायच्या, कुणी स्वयंपाकघरात आलं की जास्तच पुसायच्या. लेक शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचा, माईने ओटा कसा आरशासारखा ठेवलाय बघा. माई हसायच्या आणि आतल्या आत चरफडायच्या. रात्री झोपताना मनगट दुखायचं.

एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी लोखंडी कढईत बटाटे परतले. गरम भांड्याखाली ठेवायची चकती होती, पण तीही हौसेने आणलेली, फिकट दुधी रंगाची. माईंनी अंदाजाने कढई टेकवली. अंदाज वीतभर चुकला. अर्ध्या तासाने त्यांनी भाजी काढून घेतली, कढई घासून पालथी घातली, आणि जरा आडव्या झाल्या.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली ती थेट स्वयंपाकघरात. टेबलापाशी बसून ऑफिसातल्या साहेबाचा पाढा वाचू लागली. ऐकता ऐकता माईंना नजरेच्या कडेने ओट्यावर काहीतरी दिसलं. गोल, गडद, चांगलं ठसठशीत. कितीतरी दिवसांनी त्या ओट्यावर त्यांना एखादी वस्तू इतकी स्पष्ट दिसत होती. कढईचं झाकण राहिलं वाटतं उचलायचं, असं मनाशी म्हणत त्या ऐटीत पुढे झाल्या आणि त्यांनी ते उचललं.

हातात काही आलं नाही. बोटं दगडावरून घसरली. माईंनी पुन्हा कडेला नख घालून पाहिलं.

सूनबाईचं बोलणं तुटलं होतं.

"माई," ती म्हणाली, "ते झाकण नाहीये. डाग आहे."

माईंनी हात मागे घेतला. सूनबाई उठून जवळ आली. तिने आधी डागाकडे पाहिलं, मग शेजारी पडलेल्या दुधी चकतीकडे, आणि मग बराच वेळ माईंच्या डोळ्यांकडे.

"म्हणून काळा हवा होता?"

माईंनी मान हलवली.

तेवढ्यात लेक आला. त्याला डाग दारातूनच दिसला. कुणी केलं हे, असं त्याने विचारलं तर सूनबाई म्हणाली, मी. कढई ठेवली आणि विसरले. मग त्याची गाडी सुटली. इतकी हौस, इतकी दुकानं पालथी घातली, येणाऱ्या-जाणाऱ्याला नियम ऐकवले, आणि स्वतःच असं करावं? तो तिला धारेवर धरत होता आणि ती खाली मान घालून ऐकत होती. माईंना ते ऐकवेना. सहा महिने त्यांनी खोटेपणा केला होता, पण तो स्वतःच्या जिवावर.

"तिला बोलू नकोस. मी केलंय," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाला, बरं होणार नाही."

लेक मटकन खुर्चीत बसला. मग ज्या वाक्याला भिऊन माईंनी हे सगळं केलं होतं, तेच वाक्य तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "आजपासून तू शेगडीपाशी जायचं नाहीस."

सूनबाईने अंगातला काळा स्वेटर काढला, शेगडीपासून लांब ओट्यावर पसरला, आणि त्यावर दोन पांढऱ्या बशा आणि मिठाची वाटी ठेवली.

"आता?" तिने विचारलं.

माई वाकल्या. मान जरा तिरकी केली. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांना आणखी थोडा वेळ लागला.

"दोन बशा," त्या म्हणाल्या. "आणि मीठ." मग नाक ओढून त्यांनी स्वेटरची कड चाचपली. "चांगल्या लोकरीचा आहे गं, उचल तो, तेलाचे डाग पडतील. उद्या काळं जाड कापड आण." लेक अजून खुर्चीतच होता. माई त्याच्याकडे वळल्या. "आणि तू बसून काय राहिलायस? ऊठ, तांदूळ धू. भात लावायचाय मला."