अस्तरातले पासवर्ड

“ओरडू नका! हे माझं दुकान आहे, तुमची बस नाही!”

“ओरडू नको तर काय नाचू? तीन वेळा टाकला पासवर्ड, तीन वेळा! खातं बंद! आता डॉक्टरची वेळ कशी घेऊ? दवाखान्यात जाऊन दारावर डोकं आपटू?”

“आपटा. निदान दवाखान्यातच असाल.”

सुईकाकूच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी तिला एकेक शब्द स्वच्छ बोलता यायचा. सवयच होती. जिन्याखालचं ते एवढंसं दुकान, त्यात दोन मशिनं, एक आरसा आणि मागे इस्त्री करणारा नवरा. एवढ्या जागेत कॅप्टन ओरडायला लागला की आरसा थरथरायचा. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे. आयुष्यभर शहराची बस चालवली, टोपी कधी काढली नाही, म्हणून कॅप्टन. रिटायर झाला तरी गल्लीत हॉर्न द्यावा तसाच बोलायचा.

आणि सुईकाकूला सुईकाकू सगळेच म्हणायचे, तिच्याहून म्हातारेसुद्धा. कपडे अल्टर करणं हा तिचा धंदा. पण खरं नाव झालं ते दुसऱ्याच कामामुळे. आसपासच्या म्हाताऱ्यांना पासवर्ड लक्षात राहायचे नाहीत. कागदावर लिहिले की कागद हरवायचा. मुलांना विचारलं की मुलं खेकसायची. मग एकदा कोणीतरी रडकुंडीला येऊन काकूला म्हणालं, तूच काहीतरी कर. काकूने केलं. कोटाच्या आतल्या अस्तरावर, खिशाच्या मागे, काळ्यावर काळ्या दोऱ्याने पासवर्ड शिवून दिला. बोट फिरवलं की लागतो, डोळ्याला दिसत नाही. तेव्हापासून रांग लागली.

काकूला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी ती अक्षरं नव्हतीच, नक्षी होती. गिऱ्हाईक चिठ्ठी आणायचं, ती नक्षी उतरवायची, मग गिऱ्हाइकासमोरच कात्रीने चिठ्ठीचा भुगा करायची. कोणाचं काय आहे ते तिला माहीतच नसायचं, आणि याचाच तिला केवढा तोरा!

“दाखवा तो कोट,” ती म्हणाली.

कॅप्टनने राखाडी कोट काढून टेबलावर आपटला. “बघ! माझा पासवर्ड माझ्या कुत्र्याच्या नावाने सुरू होतो. पुढचे आकडे विसरतो मी, पण कुत्र्याला नाही विसरत! हे काय भलतंच शिवलंयस? सकाळी वाचनालयात बसून एकेक अक्षर चाचपून टाकत होतो मी, येड्यासारखा!”

काकूने अस्तर उलटं केलं आणि तिच्या तोंडातली एक टाचणी खाली पडली. टाका तिचाच होता. पण अस्तराच्या टोकाला खडूची खूण होती, ती या कोटाची नव्हती. गेल्या आठवड्यात दोन राखाडी कोट आले होते. दोन्हींना एकच काळं कापड. तिने आधी अस्तरांवर नक्षी काढून घेतली, मग अस्तरं कोटांना लावली. एकाचं दुसऱ्याला लावलं.

“काय झालं?” नवऱ्याने इस्त्री उभी केली.

“माती झाली,” काकू म्हणाली.

आणि नेमकी आज! इस्त्रीचे कपडे गुंडाळायच्या पेपरात नवऱ्यानेच ती जाहिरात वाचली होती. देशाचं सायबर सुरक्षा धोरण ठरतंय, मसुदा तयार आहे, नागरिकांनी येऊन सूचना द्याव्यात, आज चार वाजता, वाचनालयाचा हॉल. मसुद्यात एक कलम होतं, पासवर्ड कोणाला सांगू नये, कुठे लिहू नये. तेव्हापासून काकू पेटली होती. “मी जाणार. माइकवर सांगणार की माझ्या हातून एकदाही चूक झालेली नाही.” नवरा हसत म्हणाला होता, “सरकारला अल्टर करणार तू.” तरी तिची साडी त्यानेच दोनदा इस्त्री केली होती.

आता ती साडी खुंटीवर होती आणि काकू स्टुलावर.

कॅप्टनचं मात्र अजून संपलं नव्हतं. अस्तरावर बोट फिरवत तो एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागला, जणू कोर्टात पुरावा देतोय. “सी… ए… पी… टी… हे बघ! याचा माझ्याशी काय संबंध? ए… आय… एन…” तो थांबला. “एक, चार.” आवाज खाली आला. “आणि शेवटी ही उभी काठी कसली?”

“उद्गारचिन्ह आहे ते,” नवरा पुढे येऊन बोट लावत म्हणाला. मग त्यालाही कळलं आणि तो इस्त्रीकडे वळून उगाच खोकला.

कॅप्टन. चौदा. चौदा नंबरची बस तोच तर चालवायचा.

कॅप्टन हळूच खाली बसला, नेमका सुयांच्या उशीवर, पण ओरडला नाही.

“दुसरा कोट कोणाचा?” त्याने विचारलं.

“ते मी सांगत नसते.”

“नको सांगू.” त्याने कोट मांडीवर घेतला. “मी इथंच बसलो होतो ना, गाण्याच्या बाई त्यांचा राखाडी कोट घेऊन आल्या तेव्हा. रोज सकाळी माझ्या बसला असायच्या. पुढच्या दारातून चढायच्या. इतकी वर्षं! एक शब्द बोलल्या असतील तर शपथ.”

“तुम्ही बोललात?” नवऱ्याने विचारलं.

“चालकाशी बोलू नये अशी पाटी असते बसमध्ये!”

“चालकाने बोलू नये अशी नव्हती ना.”

कॅप्टनने आरशात पाहिलं. मग म्हणाला, “कंगवा आहे का?”

काकूने त्याला कंगवा दिला आणि साडी खुंटीवरून काढली. “चला. तोंड काळं करून यायचंच आहे तर वेळेवर जाऊ.”

हॉल भरला होता. टेबलामागे अध्यक्षबाई, त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास आणि एक घंटी. काकूच्या आधी एक टायवाला तरुण बोलला. चांगला बोलला, काकूला अर्धं कळलंही. पहिल्या रांगेत राखाडी कोट घालून गाण्याच्या बाई बसल्या होत्या. त्यांना बघून काकू खुर्चीत खाली सरकली. मग तिचं नाव पुकारलं.

“मी कपडे अल्टर करते,” ती माइकमध्ये म्हणाली. “आणि म्हाताऱ्या माणसांचे पासवर्ड त्यांच्या कोटात शिवते.”

हॉल खदखदून हसला.

“हसा. मी सांगायला येणार होते की माझं आजवर कधी चुकलं नाही. आजच कळलं, चुकलंय. दोन राखाडी कोटांची अस्तरं माझ्याकडून बदलली गेली. एकाचं दुसऱ्याला कळलं. म्हणजे कलम तुमचं बरोबर, माझी हरकत मागे.” तिने माइक जवळ ओढला. “पण त्याच्या पुढचं कलम! खातं अडकलं तर सगळं ऑनलाइनच करा म्हणे. अहो, जो दाराबाहेर अडकलाय त्याला तुम्ही सांगताय, आत येऊन अर्ज कर! माझ्याकडे लोक का येतात? मी हुशार म्हणून नाही, मी असते म्हणून. एक खिडकी ठेवा. खिडकीत माणूस ठेवा. लोक ओरडले तरी न चिडणारा.”

“न चिडणारा, हेही लिहू?” अध्यक्षबाईंनी हसत विचारलं.

“तेच आधी लिहा.”

टाळ्या वाजल्या. टायवाल्याने तर उभं राहून वाजवल्या. खुर्चीकडे येताना काकूचे कान तापले होते, पण मान ताठ होती. मागून नवऱ्याने दोन्ही अंगठे वर केले होते.

पहिल्या रांगेत मात्र गाण्याच्या बाईंचा हात कोटाच्या आत गेला होता. बोटं अस्तरावरून फिरत होती. एक अक्षर, दुसरं अक्षर. त्या कुत्र्याचं नाव सगळ्या गल्लीला पाठ होतं, कॅप्टन रोज संध्याकाळी त्याच्यामागे बोंबलत फिरायचा. बाईंनी मान वळवली. मागे कॅप्टन बसला होता, टोपी काढून, केस विंचरून.

बाई कानापर्यंत लाल झाल्या. उठल्या आणि दाराकडे चालायला लागल्या. पण दाराशी थांबल्या.

“माझी पण सूचना!” कॅप्टन उभा राहिला. माइकची गरजच नव्हती. “मसुद्यात लिहिलंय, पासवर्ड फुटला तर ताबडतोब बदलावा.”

“बरोबर,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग?”

“काही पासवर्ड फुटले तरी बदलू नयेत. अशी माझी विनंती आहे. विनंती लिहा, मागणी नको.”

हॉलला काही कळेना. दाराशी उभ्या बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या, हे फक्त काकूने पाहिलं. कॅप्टनच्या कोटाच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. एरवी तिने तो तिथल्या तिथे दाताने तोडला असता. आज राहू दिला.

“अहो, पण असं का? कारण काय लिहू?” अध्यक्षबाईंनी पेन उचललं.

“कारण दारात उभं आहे,” कॅप्टन म्हणाला आणि टोपी काखेत मारली. “बाकीचं या सुईकाकूला विचारा. मला आता निघायला हवं.”