वाजवून घेतलेली अंडी

आमच्या अंड्यांचं कवच कच्चं निघतंय, असं भूम गावच्या दुकानदारानं पुन्हा सांगितलं आणि माझं डोकंच उठलं. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, कवच पातळ पडतं, हे मलाही कळतं. कवच रात्रीतून भरतं म्हणून रोज संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा घालत होते, दुपारी शेडवर ओली पोती टाकत होते. कंबर मोडायची वेळ आली, पण तडकलेली अंडी परत यायची थांबेनात.

"म्हाताऱ्या झाल्यात कोंबड्या. उद्या गाडी बोलवून खाटकाला देऊन टाकू," माझा नवरा कुलदीप म्हणाला आणि मोकळा झाला. पुरुषांना मोकळं होणं फार सोपं असतं.

सासूबाई, द्वारकाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, ओसरीत अंडी वाजवत बसल्या होत्या. वाजवल्याशिवाय आमच्याकडं अंडं ट्रेमध्ये जात नाही. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवायची. चांगलं खणकन वाजतं, चीर गेलेलं बद्द. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळते. गुडघे गेल्यापासून आत्यांकडं हे एकच काम उरलं होतं, आणि त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत.

परत आलेल्या अंड्याचं टरफल मी चिमटीत दाबून बघितलं. चांगलं टणक होतं. तेवढ्यात मागं बद्द आवाज आला. आत्यांनी ते अंडं निवांत चांगल्यांत ठेवलं. पुन्हा बद्द. तेही चांगल्यांत.

बोलावं तर आत्यांचं काम जाणार, गप्प बसावं तर कोंबड्या. इतकी थकले होते, की जे व्हायचं ते माझ्या तोंडून होऊ नये, एवढंच वाटत होतं.

कुलदीपनं गाडीवाल्याला फोन लावला.

"कुणाला बोलायलाय त्यो?" आत्यांनी विचारलं.

मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, "कोंबड्या विकायलेत, आत्या. कवच कच्चं हाय म्हणून."

आत्यांनी हातातली अंडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "फोन ठिव, कुलदीप. कवच बरं हाय. मलाच लई दिसापासनं ऐकू येत न्हाय."

कुलदीपनं फोन ठेवला. आत्यांनी ट्रे माझ्याकडं सरकवला. आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मला रागसुद्धा येईना. मी दोन अंडी उचलून वाजवली.

त्या माझ्या हातांकडं बघत होत्या.

"मग आता म्या काय करू, सोनाली?"