मला झोपवू नका

बालमित्रांनो, माझ्या अंगावर गंज चढला आहे, डाव्या खांबाला भेग गेली आहे आणि मान कायमची वाकडी झाली आहे. कोणी म्हणेल, जुनं भंगार. म्हणू दे. या भंगाराने दोन माणसं गाडीसकट उलटताना पाहिली आहेत. एक मेला. दुसरा अजून शिव्या देत हिंडतो. दोघं एकाच आईची लेकरं, गाडी एकच, उतारही तोच. मग फरक कुठे पडला, ते सांगते.

मी गवत कापायच्या गाडीवरची पोलादी कमान आहे. ही गाडी खुर्चीत बसून चालवतात. हातात दोन दांडे, पायांखाली फिरती पाती, पाठीशी इंजिन. खुर्चीच्या मागून माझे दोन खांब वर जातात आणि चालवणाऱ्याच्या डोक्याच्या वर एकमेकांना जुळतात. गाडी उलटली की माणूस आणि जमीन यांच्यामध्ये मी आडवं यायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात मला दाबयंत्राखाली घालून वाकवलं. माझ्यासोबतच्या काही बहिणी तर दुकानात पोचल्याच नाहीत. त्यांना साच्यात आवळलं आणि मुद्दाम चिरडलं, कुठवर सोसतात ते बघायला. पोलाद पिळवटताना जो आवाज करतं तो मी बाजूच्या रांगेतून ऐकला आहे. त्या पार वाकल्या, पण तुटल्या नाहीत, आणि त्यांच्या जिवावर मला बाहेर पाठवलं.

माझ्या खांबांना मध्यावर बिजागऱ्या आहेत. दोन खिळी काढल्या की मी मागे आडवी पडते. बुटक्या दारातून गाडी आत घ्यायची तर तेवढ्यापुरती सोय. पण या सोयीसोबत दोन नियम येतात. मी उभी असेन तर कमरेचा पट्टा लावायचाच. मी आडवी असेन तर पट्टा लावायचा नाही आणि उताराकडे फिरकायचंही नाही. का, तर पट्टा माणसाला माझ्या आडोशात धरून ठेवतो. आडोसाच नसेल तर तोच पट्टा माणसाला यंत्राखाली बांधून ठेवतो. हे चित्र काढून माझ्या डाव्या खांबावर चिकटवलं होतं. वर्षभरात त्यावर वंगणाचा थर बसला. पुसलं कोणी? कोणी नाही.

केंटकीच्या डोंगरांतल्या एका लहानशा चर्चच्या मंडळींनी गाडी घेतली आणि डेल्मर स्टॅम्परच्या ताब्यात दिली. चर्चची दफनभूमी उतारावर आहे. तिकडे सपाट जमीन मक्याला लागते. मेलेल्यांना उतार चालतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळी घराणी तिथे जमतात, कबरींवर फुलं वाहतात, गाणी म्हणतात, आणि मग लांब टेबलांवर तळलेली कोंबडी, घेवडा नि मक्याचा पाव मांडून जेवतात. त्या दिवशी आजोबांच्या कबरीवर गवत दिसलं तर अख्ख्या घराची नाचक्की.

डेल्मर कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, शांत, हातचं काम चोख करणारा माणूस. फडक्याने मला पुसायचा. माझ्या खांद्यावर टोपी अडकवायचा. सुरुवातीची वर्षं मी ताठ उभी होते, आणि येणारेजाणारे म्हणायचे, "डेल्मर, यंदा गवत बघ, गालिचा झालाय!" मलाही ते आपलंच कौतुक वाटायचं.

आडवा आला तो देवदार. डेल्मरची आई झेला. तिचं पहिलं बाळ तान्हं असताना गेलं होतं. त्याच्या उशाशी तिने देवदाराचं रोप लावलं. त्याचं झाड झालं, फांद्या जमिनीपर्यंत लोंबायला लागल्या, पण त्याला कोयता लावायची कोणाची छाती नव्हती. मी त्या फांद्यांत अडकू लागले.

"फांदी तोड की मग," डेल्मरचा धाकटा भाऊ गार्नेट म्हणाला.

"आई आधी तुला तोडेल."

"तर मग हिला झोपव. नाहीतरी ही करते काय? तुझ्या टोपीची खुंटी आहे नुसती!"

डेल्मरने खिळी काढल्या. मी मागे पडले. झाडापुरतीच, असं म्हणाला होता. झाड ओलांडल्यावर मात्र उतरायचं, मला उचलायचं, खिळी घालायच्या, याचा त्याला कंटाळा आला. पुढच्या खेपेला मी आडवीच निघाले. त्यानंतर मला कोणी उठवलंच नाही. पावसाचं पाणी माझ्या बिजागऱ्यांत साचायचं. ज्या हाताने मला पुसलं होतं, त्याच हाताने माझ्यावर पेट्रोलचा डबा बांधला.

डेल्मरची मुलगी ट्रेसा शाळेची बस चालवायची. बापावर तिचा भारी जीव.

"डॅडी, पट्टा लाव."

"अगं, आपल्याच घरच्या कबरी आहेत. त्या काय मला पाडणार आहेत?"

"माझ्या बसमधली पहिलीतली पोरं तुझ्यापेक्षा शहाणी आहेत. लाव म्हणते ना!"

तिच्या समाधानासाठी तो पट्टा लावू लागला. मी पाठीवर पडलेली आणि त्याच्या कमरेला पट्टा! माझं पोलाद थरथरलं, मित्रांनो. पोरगी अर्धं बरोबर बोलत होती, आणि तिथे अर्धं बरोबर म्हणजे मरण होतं.

त्या वर्षी रविवारच्या आधी आठवडाभर पाऊस लागला. शनिवारी उघडीप मिळाली तशी डेल्मरने ओल्या गवतातच गाडी घातली. देवदाराच्या खालच्या अंगाला जुन्या कबरी आहेत. आतली लाकडी पेटी कुजली की वरची माती खचते, आणि गवताखाली ते दिसत नाही. गाडी ओल्यावर घसरली, खालचं चाक अशाच एका खचलेल्या कबरीत गेलं आणि गाडी उलटली.

तुम्ही लहान आहात म्हणून मी पुढचं गिळणार नाही. गिळण्यानेच माणसं मरतात.

एका क्षणात आभाळ खाली गेलं. मी आडवी होते, तशीच चिखलात रुतले, कुठल्याच कामाची नाही. सगळं वजन खुर्चीवर आलं, खुर्ची डेल्मरच्या पाठीवर, आणि डेल्मर एका कबरीच्या दगडावर. त्याच्या फासळ्या मोडल्याचं मी ऐकलं. पट्टा नसता तर कदाचित तो बाजूला फेकला गेला असता. पट्ट्याने त्याला सोडलं नाही. खुर्ची रिकामी झाली तरच इंजिन आपोआप बंद पडतं. तो खुर्चीला बांधलेलाच होता, म्हणून गाडीला वाटत राहिलं की मालक बसला आहे, आणि इंजिन चालूच राहिलं. वर आभाळाकडे तोंड करून पाती गरगरत होती. गरम तेल त्याच्या मानेवर गळत होतं. त्याचा उजवा हात पट्ट्याची कळ शोधत चिखलात खरवडत राहिला, आणि मग थांबला.

गार्नेट धावत आला. उघड्या हातांनी तापलेलं इंजिन धरून उचलू लागला. तळव्यांची कातडी लोखंडाला चिकटली तरी सोडेना. "उठ रे! उठ, डेल्मर! आईला काय सांगू मी?" टेबलं मांडणारी माणसं पोचली, सगळ्यांनी मिळून गाडी उलथवली, तोवर सगळं संपलं होतं.

अंत्यविधीला पाळक म्हणाले, देवाने डेल्मरला बोलावलं. बोलावलं असेल. पण मला देवाने झोपवलं नव्हतं. खिळी काढणारा हात माणसाचा होता.

दुसऱ्या दिवशी गार्नेट घण घेऊन आला आणि गाडीवर तुटून पडला. पत्रा चेपला, दिवे फुटले, माझ्या खांबावर ठिणग्या उडाल्या. "पट्ट्याने मारलं माझ्या भावाला!" असं ओरडत त्याने सुरी काढली आणि पट्टा कापून झुडपात भिरकावला. ते ऐकून त्या डोंगरातल्या बाप्यांनी आपापल्या गाड्यांचे पट्टे कापले. अरे, गळफास लागला म्हणून विहिरीचा दोर कोणी जाळतं का? मी उभी असते तर तोच पट्टा त्याला वाचवणार होता, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ट्रेसाने तर बोलणंच सोडलं. पट्टा लाव म्हणून मीच मागे लागले, मीच डॅडीला मारलं, हे तिने मनात घट्ट धरलं. हिवाळाभर तेच. पुढच्या वसंतात ती गाडी धुवायला घेऊन बसली. माझ्यावरचं वंगण खरवडताना ते चित्र तिच्या बोटांखाली आलं. आडवी कमान, आणि पट्ट्यावर फुली. मग तिने माझ्या खांबावर डोकं आपटलं आणि हंबरडा फोडला. रडून झाल्यावर तिने नवा पट्टा आणून बसवला आणि मला उभं करून खिळी घातल्या.

पुन्हा मे आला, गवत वाढलं. गार्नेट गाडीवर बसला आणि मला पुन्हा झोपवायला माझ्या खिळीला हात घातला. तेवढ्यात ट्रेसा चढण चढून आली. हातात यांत्रिक करवत.

"काका, हात काढ तिच्यावरून."

"फांदी लागते गं."

"फांदी राहणार नाही."

झेला आजी कबरीपाशी खुर्ची टाकून बसली होती. ती काठी आपटत उठली. "त्या झाडाला हात लावलास तर मी तुझं तोंड बघणार नाही, ट्रेसा! माझं लेकरू आहे तिथे!"

"आणि हे कोण आहे, आजी?" ट्रेसाने बापाच्या नव्या कबरीकडे बोट केलं. "हेही तुझंच ना? आता गार्नेटकाकालाही पुरायचंय? त्याच्यासाठी कुठलं झाड लावणार आहेस?"

म्हातारीने एकदा या कबरीकडे पाहिलं, एकदा त्या. मग ती गार्नेटकडे वळून खेकसली, "खालची काप. आणि ती त्या अंगाचीही काप. हा मेला ताडमाड वाढलाय."

गार्नेटने उतरून करवत हातात घेतली आणि ती गरजली. फांद्या पडल्या. म्हातारीने डोळे मिटले नाहीत.

"चढ आता," ट्रेसा काकाला म्हणाली. "कमान उभी. आता पट्टा."

"मी काय तुझ्या बसमधलं पोर आहे?"

"ते ऐकतं तरी!"

गार्नेट तोंड वाकडं करून बसला, पण पट्टा लावला. तास दीड तास नीट गेला. आणि देवदाराच्या वरच्या अंगाला, जिथे कोणाला शंकाही नव्हती, तिथे दुसरी कबर खचली.

गाडी कलंडली. या वेळी मी उभी होते! माझी मान दगडावर आदळली, दगडाचे दोन तुकडे झाले. भार माझ्यातून आरपार गेला, डावा खांब फाटला, बिजागरीतून धूर निघाला. मी वाकत गेले. चिरडलेल्या बहिणी आठवल्या. मी वाकत गेले, पण तुटले नाही. सगळं थांबलं तेव्हा माणसाच्या टाळूत आणि मातीत वीतभर जागा उरली होती. ती जागा मी धरून ठेवली होती.

"गार्नेटकाका!"

आतून गवत थुंकल्याचा आवाज आला. "बघत काय राहिलीस, कार्टे? उतरव मला! रक्त डोक्यात चाललंय!"

"आधी किल्ली फिरव! इंजिन बंद कर!"

इंजिन बंद झालं. ट्रेसा गुडघ्यांवर बसून हसत होती, रडत होती, आणि पट्ट्यावर उलट्या लटकलेल्या काकाच्या पाठीत बुक्के मारत होती.

संध्याकाळी शेजारचा वेल्डर म्हणाला, "आण इकडे, तापवून सरळ करून देतो."

गार्नेट उसळला. "हात लावू नकोस! एकदा मार खाल्लेली कमान दुसरा मार सोसत नाही. नवी येईल." बरोबर बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच.

नवी आली. तिचं कौतुक होतं ते होऊ दे. मला म्हाताऱ्या झेलाने आपल्या परसात रोवलं आणि माझ्यावर घेवडा चढवला. माझी तक्रार नाही. मला पुसू नका, रंगवू नका, माझी कीव तर मुळीच करू नका.

पण मित्रांनो, इथून ओढ्यापलीकडचा बांध दिसतो. तिथे एक माणूस दर शनिवारी तळ्याच्या काठाकाठाने गाडी चालवतो. त्याची कमान पाठीवर पडलेली आहे. मागे त्याची बायको कपडे वाळत घालत असते, तिला काही ठाऊक नाही. मी लोखंड आहे, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. असा माणूस दिसला की कुंपणापर्यंत जा आणि त्याच्या इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडा.