झोळ पडलेली खुर्ची

"सूनबाई, मी गेलो की माझी खुर्ची टपाल्याला दे. आहे तशी दे हं. त्याच्या कमरेला मऊ लागतं. आणि आमच्या चिरंजीवांचा हात तिला लागायच्या आत दे."

बाबांनी हे सांगितलं तेव्हा सूनबाई त्यांना चमच्याने औषध पाजत होती. "देईन, बाबा," म्हणून तिने त्यांच्या हनुवटीवरचा ओघळ पुसला. रोजचं नामस्मरण झाल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे, तिला दिलेला शब्द पाळणं काही जड जाणार नव्हतं. पण बाबांना आपल्या मुलाची जी धास्ती होती, ती उगाच नव्हती.

बाबांचं दुकान वेताच्या खुर्च्या विणून देण्याचं. पुढे दुकान, मागे घर. छताला टांगलेल्या, भिंतीला टेकलेल्या, एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या अशा दुकानभर खुर्च्याच खुर्च्या, आणि आल्यागेल्याला टेकायला मात्र एकही नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर घरच्या माणसाने बसायचं नाही, हा बाबांचा कडक नियम. "आपल्याकडे पाहुण्या आल्यात त्या," म्हणायचे, "पाहुण्यांच्या डोक्यावर बसतं का कुणी?"

स्वतःची तेवढी एक खुर्ची होती, आणि तिला असा झोळ पडला होता की बाबा बसले की त्यांचे गुडघे छातीशी यायचे. मुलगा कितीदा म्हणाला, "बाबा, द्या ती इकडे, एका दुपारीत ताणून देतो. दुकानाची लाज जाते हो." बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून बसत. "माझ्या बैठकीने पाडलेला खड्डा आहे तो. तू तुझा पाड."

टपालकाका म्हणजे बाबांचे दोस्त, नोकरीतून सुटलेले टपालवाले. रोज संध्याकाळी यायचे आणि चौकटीला टेकून उभ्या उभ्याच बाबांशी भांडायचे. कंबर धरली तरी चौकट सुटायची नाही. सूनबाईला वाईट वाटे, तर तेच हसत. "अगं, जन्म लोकांच्या दारात उभं राहण्यात गेला. त्यात या म्हाताऱ्याचं एक दार जास्त." बाबा त्यांना कधी 'बस' म्हणाले नाहीत. म्हणणार तरी कशाच्या जोरावर?

बाबा गेले. सगळ्यांना कळवा, कुणाला आणायला जा, कुणाला पाणी द्या, यात सूनबाईचा पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नामस्मरण उरकून ती दुकानात आली, तर नवरा जमिनीवर बसला होता. पुढ्यात बाबांची खुर्ची, नुसता सांगाडा. जुना वेत कापून बाजूला पडला होता, आणि बादलीत नवा भिजत होता.

"अहो, हे काय केलंत!"

"बाबांची शेवटची सेवा करतोय," तो मान वर न करता म्हणाला. आदल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडणं त्याला जमत नसे, हात मात्र थांबत नव्हते. सेवा म्हटल्यावर सूनबाईने बाबांचं सांगणं पोटातच ठेवलं. जिवंतपणी बाबांनी ज्या खुर्चीला बोट लावू दिलं नव्हतं, ती आता बिनतक्रार विणून घेत होती.

संध्याकाळपर्यंत ती अशी ताणली गेली की टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजावी.

मग नणंद आली. आली ती दारातच थबकली. "अगंबाई! वेतवाल्याच्या घरी प्लास्टिकच्या खुर्च्या?"

"भेटायला येणाऱ्यांना बसवायचं कशावर, ताई?" नवरा म्हणाला. "या सगळ्या गिऱ्हाइकांच्या. बाबांचा नियम."

"मग ही?"

"ही बाबांची."

नणंदेने पदर डोळ्यांना लावला, मग खुर्ची पुसली, दुकानाच्या मधोमध ठेवली, तिच्यावर बाबांचा फोटो टेकवला, भोवती फुलं रचली. "यावर आता कुणी बसायचं नाही. बाबा बसलेत." गेल्या वर्षभरात बाबा बसले होते तेव्हा ती एकदाच येऊन गेली होती, तीही उभ्या उभ्या. पण सूनबाईने हा विचार मनात आला तसा परत पाठवला. दुःखाच्या घरात हिशेब बरा नाही.

माणसं येत होती. भाड्याच्या खुर्च्यांवर बसून उसासे टाकत, फोटोला हात जोडत, आणि जाता जाता अंगठ्याने हळूच वेत दाबून बघत. एक गृहस्थ तर नवऱ्याचा खांदा थोपटत म्हणाले, "बापाचं नाव राखलंत हो. आमच्याही दोन पडून आहेत माळ्यावर. घाई नाही, जरा सावरलात की बघा."

टपालकाका सगळ्यांत शेवटी आले आणि सवयीने चौकटीला टेकले.

"काका, बसा ना," नणंद प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवत म्हणाली.

"नको गं. तिच्यावर बसलो तर म्हातारा उठून यायचा." त्यांची नजर दुकानभर फिरली. "त्याची खुर्ची कुठेय?"

"ही काय समोर!"

"ही?" काकांनी मान पुढे काढून पाहिलं. "छे गं, कुणाची तरी उचलून ठेवलीत. त्याची बसकी होती. तिच्यात रुतला की चार हाका मारल्याशिवाय बाहेर निघायचा नाही."

काकांनी मग फोटोकडे पाहिलं, सूनबाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कंबर धरत गेले. त्यानंतर संध्याकाळी ते आलेच नाहीत. चौकट मोकळी दिसू लागली.

सूनबाईचं मन खाऊ लागलं. खुर्ची होती, पण 'आहे तशी' राहिली नव्हती. ही फळीसारखी टणक वस्तू काकांच्या दुखऱ्या कमरेखाली सारून शब्द पाळल्याचं पुण्य घ्यायचं? बाबांनीच वरून कान धरला असता.

नणंद आपल्या घरी गेली त्या दुपारी सूनबाई झाडू मारत होती, आणि तिला बाबांची ओरड आठवली. रोज कुणा ना कुणावर ओरडायचे. "ओल्या वेतावर बसू नका रे! झोळ पडेल, जन्मात जाणार नाही!"

तिने झाडू टेकवून ठेवला. फोटो उचलून भिंतीला लावला, समोर फुलं ठेवली, हात जोडले. "बाबा, तुमचीच शिकवण मोडतेय, तुमच्याचसाठी." मग फडकं पिळून खुर्चीचा वेत खालून-वरून चिंब पुसला आणि डोळे मिटून नामस्मरणाला त्यावर बसली. लुगडं गारढोण झालं. तिने आसन सोडलं नाही.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्याही. नाम घेणाऱ्या बाईला कुणी उठवत नाही, एवढी एक सोय भक्तीत आहे.

एका दुपारी डोळे उघडले तर समोर नवरा उभा. "बाबांच्या खुर्चीवर? आणि हे ओलं..." त्याला कळलं. इतकी वर्षं वेत हाताळलेल्या माणसाला न कळायला काय झालं? "मी विणलेलं मोडतेयस तू?"

"मोडत नाही हो. बसवतेय." आणि तिने बाबांचा शब्द न शब्द सांगितला. चिरंजीवांच्या हाताबद्दलचाही.

ती उठली तसा तो खाली बसला, तळवा वेतावर ठेवला आणि नुकत्या पडलेल्या खळग्यात फिरवला. हात तिथेच थांबला आणि इतके दिवस अडलेलं सगळं डोळ्यांतून वाहू लागलं.

"डावीकडे कमी आहे," नाक ओढत तो म्हणाला. "बाबा डावीकडे कलून बसायचे. सरक, मी बसतो."

मग दोघं आळीपाळीने बसू लागली. मधेच नणंदेचा फोन आला. "बाबांच्या खुर्चीची काळजी घेताय ना रे?"

"हो ताई. रोज पाणी देतोय."

"फुलांना ना?"

"त्यांनाही."

खुर्ची पुरती वाळली त्या सकाळी सूनबाईने रोजचं नामस्मरण केलं, जमिनीवर बसून. नवरा दुकानात कुणाच्या तरी माळ्यावरच्या खुर्च्यांना हात घालत होता. त्याने न बोलता पुढे होऊन बाबांची खुर्ची तिच्या डोक्यावर नीट बसवून दिली. तिने एका हाताने खुर्चीचा पाय धरला, दुसऱ्याने पदर सावरला आणि मोकळ्या चौकटीतून वाकून बाहेर पडून टपालकाकांच्या घराच्या वाटेला लागली.